लॉक झालेली सीक्वेन्स सोडवण्याआधी चोविसाव्या व्हायलचा हिशेब लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) ६० इंजेक्शनांची सीक्वेन्स, म्हणजे एकामागून एक सॅम्पल तपासण्याची यादी, संध्याकाळी ६ वाजता लावली. वॉश धरून एका इंजेक्शनला २५ मिनिटं. सकाळी ९ वाजता पाहिलं तर २३ इंजेक्शनं पूर्ण, २४वं अर्धवट आणि त्याखालच्या सगळ्या ओळी करड्या. सीक्वेन्सच्या नावापुढे कुलपाचं चिन्ह, व्हायलची (सॅम्पलच्या छोट्या बाटलीची) पोझिशन बदलता येत नाही, स्टार्टचं बटण दबत नाही. पीसी रीस्टार्ट करूनही तेच. हे लॉक जबरदस्तीने काढता येतं का, आणि नसेल तर सीक्वेन्स 'सेव्ह ॲज' करून २४व्या ओळीपासून पुढे चालवली तर चालेल का?

लॉक निघतं, आणि कारण सापडलं की बहुतेक वेळा फार वेळही लागत नाही. 'सेव्ह ॲज' करून पुढे जाणंही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने शक्य आहे. पण या दोन्हींच्या आधी एका गोष्टीचा छडा लावायला हवा: २४व्या व्हायलमधून सॅम्पल उचललं गेलं का, आणि गेलं असेल तर ते आत्ता कुठे आहे? व्हायलमध्ये, लूपमध्ये (सॅम्पल तात्पुरतं धरणाऱ्या नळीत) की कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीत)? हे माहीत नसताना सीक्वेन्स पुढे ढकलली तर उरलेली ३६ इंजेक्शनं तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होऊनसुद्धा त्यांच्यावर बोट ठेवता येतं. म्हणून मी उत्तराचा क्रम तसाच ठेवतो. आधी सॅम्पल, मग लॉक.

आधी काय बघायचं

तुमच्या पीसीवरचं क्लायंट सॉफ्टवेअर अजून उघडं असेल तर ते बंद करू नका. सीक्वेन्सची खिडकी, उपकरणाचा स्टेटस, एररचा पूर्ण मजकूर आणि मॉड्यूलवर (पंप, ऑटोसॅम्पलर, डिटेक्टर अशा भागावर) छोटी स्क्रीन असेल तर तिच्यावरचा संदेश, सगळ्याचे फोटो किंवा स्क्रीनशॉट घ्या. पीसी रीस्टार्ट केल्यामुळे स्क्रीनवरचे काही संदेश तुमच्या हातून गेले असतील. तरी घाबरायचं कारण नाही. उपकरणाचा लॉग आणि ऑडिट ट्रेल (कुणी, कधी, काय केलं याची आपोआप होणारी नोंद) सहसा सर्व्हरवर किंवा उपकरणाशी जोडलेल्या कंट्रोलरवर असतात, आणि ते रीस्टार्टने पुसले जात नाहीत.

मग पंपाकडे बघा. प्रवाह चालू आहे की बंद? मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) फॉस्फेट बफर असेल आणि पंप पहाटेपासून बंद असेल तर कॉलममध्ये आणि पंपहेडमध्ये क्षार बसण्याची शक्यता आहे. अशा वेळी थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइल सोडायचं नाही, कारण जास्त सेंद्रिय भागात फॉस्फेट खाली बसतं. पाण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास ठेवून, कमी प्रवाहाने, प्रेशरवर नजर ठेवत धुवायचं. मात्र प्रवाह सुरू करण्याआधी एक नोंद नक्की करा: इंजेक्शन व्हॉल्व्ह कोणत्या स्थितीत थांबला आहे, लोडमध्ये की इंजेक्टमध्ये. पंप चालू केला किंवा ऑटोसॅम्पलर (व्हायलमधून सॅम्पल उचलून आत सोडणारा भाग) रीसेट केला की हा पुरावा गेला.

आता वेळेचा हिशेब. २३ इंजेक्शनं गुणिले २५ मिनिटं म्हणजे ५७५ मिनिटं, म्हणजे ९ तास ३५ मिनिटं. तुमचं २४वं इंजेक्शन पहाटे ३:३५ च्या सुमारास सुरू झालं असणार. लॉगमधला त्या आसपासचा अर्धा तास ओळ न ओळ वाचा. इथे एक खाचखळगा आहे: काही लॉग स्थानिक वेळेत नोंदले जातात, काही यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). २३व्या इंजेक्शनच्या सुरुवातीची वेळ दोन्हीकडे शोधली की किती तासांचा फरक धरायचा ते लगेच कळतं.

लॉग वाचताना ऑटोसॅम्पलरच्या हालचालींचा क्रम डोक्यात ठेवा. सुई व्हायलपाशी जाते, ठरलेला व्हॉल्यूम ओढते, बाहेरून धुतली जाते, सीटमध्ये बसते, व्हॉल्व्ह फिरतो, इंजेक्टचा सिग्नल जातो आणि त्या क्षणी डिटेक्टर डेटा घ्यायला लागतो. तुमची सीक्वेन्स या साखळीच्या नेमक्या कुठल्या कडीवर थांबली ते पाहायचं आहे.

सुई ओढण्याआधीच थांबली असेल तर व्हायल शाबूत आहे, प्रश्न मिटला. ओढून झालं पण व्हॉल्व्ह फिरला नाही, असं असेल तर सॅम्पल सुईत किंवा लूपमध्ये अडकलेलं आहे. रीसेट करताना काही ऑटोसॅम्पलर ते वेस्टमध्ये टाकतात, काहींमध्ये ते तसंच राहून पुढच्या इंजेक्शनबरोबर आत जातं. आणि व्हॉल्व्ह फिरून रन मध्येच तुटला असेल तर सॅम्पल कॉलमवर आहे. ही तिसरी अवस्था सर्वात त्रासदायक, कारण उशिरा बाहेर पडणारे घटक कॉलममध्येच बसून राहतात आणि पुढच्या क्रोमॅटोग्रामवर (डिटेक्टरच्या सिग्नलच्या आलेखावर) कुठेतरी अनोळखी पीक म्हणून उगवतात. मग अशुद्धी सापडली म्हणून चौकशी सुरू होते आणि तिचं मूळ या पहाटेत असतं.

लॉग अपुरा वाटला तर आणखी दोन खुणा आहेत. एक, २४व्या इंजेक्शनची रॉ डेटा फाइल. ती आहे का, आणि असेल तर किती मिनिटांची? २५ ऐवजी ६ मिनिटांचा क्रोमॅटोग्राम असेल तर इंजेक्शन झालं होतं हे निश्चित. दुसरी, पंपाच्या प्रेशरचा आलेख. व्हॉल्व्ह फिरताना प्रेशरमध्ये क्षणभराची छोटी खाच पडते. आधीच्या २३ इंजेक्शनांत ती कशी दिसते ते पाहा आणि २४व्याच्या जागी ती आहे का तपासा. व्हायलच्या सेप्टमवरचं (झाकणातल्या पडद्यावरचं) छिद्र बघून निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. ते तेव्हाच ग्राह्य आहे, जेव्हा त्या व्हायलमधून आधी एकही इंजेक्शन झालेलं नसेल. एकाच व्हायलची दोन इंजेक्शनं लावली असतील तर छिद्र काहीच सांगत नाही.

वेळ वाचवण्यासाठी ओव्हरलॅप इंजेक्शन चालू ठेवलं असेल तर २५व्या व्हायलचीही चौकशी करा. या पद्धतीत आधीचा रन संपायच्या आतच सुई पुढचं सॅम्पल उचलून तयार राहते.

लॉक कुणी लावलं आहे?

स्क्रीनवर कुलपाचं चिन्ह एकच दिसतं, पण त्यामागे सहा वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. लोक थेट 'अनलॉक कसं करू' विचारतात आणि तिथेच गाडी अडते. आधी कारण ओळखा, त्यासाठी तीन साध्या चाचण्या पुरतात.

त्याच प्रोजेक्टमधली दुसरी, जुनी पण मंजूर न झालेली सीक्वेन्स उघडा. ती बदलता येत असेल तर अडचण फक्त या एका सीक्वेन्सची आहे. कुठलीच बदलता येत नसेल तर अडचण तुमच्या खात्याची, परवान्याची किंवा सर्व्हरशी जोडणीची आहे. मग तुमच्याच खात्याने दुसऱ्या पीसीवरून लॉगिन करून हीच सीक्वेन्स उघडा. आणि शेवटी सहकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या खात्याने उघडायला सांगा. त्याचा पासवर्ड घेऊन तुम्ही उघडायचं नाही. ऑडिट ट्रेलमध्ये त्याच्या नावावर तुमची कृती नोंदली जाते आणि साधी तांत्रिक अडचण डेटा इंटेग्रिटीचा (नोंदींच्या विश्वासार्हतेचा) प्रश्न होऊन बसते.

पहिलं कारण म्हणजे ओळीचं लॉक. पूर्ण झालेली आणि चालू असलेली ओळ सॉफ्टवेअर सहसा बंद करतं, आणि ते तसंच हवं. २१ सीएफआर पार्ट ११ हा इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलचा अमेरिकी नियम १९९७ चा. त्यात बदलांमुळे आधी नोंदलेली माहिती झाकली जाऊ नये अशी अट आहे, आणि कामाच्या पायऱ्यांचा ठरलेला क्रम पाळला जाईल अशा तपासण्या प्रणालीत असाव्यात असंही आहे. झालेल्या इंजेक्शनची व्हायल पोझिशन नंतर बदलता आली असती तर कुठल्याच निकालाला अर्थ उरला नसता. तुमच्याकडे मात्र २५ ते ६० या न झालेल्या ओळीही करड्या आहेत, म्हणजे हे फक्त ओळीचं लॉक नाही.

दुसरं, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत सर्वात संभाव्य: सीक्वेन्स अजून रांगेत 'चालू' आहे. कुठल्या तरी मॉड्यूलने एरर दिली, सॉफ्टवेअर तिच्या निवारणाची वाट बघत थांबलं, आणि जोवर रांग सुटत नाही तोवर सीक्वेन्स त्या उपकरणाच्या ताब्यात आहे. पंपाचं प्रेशर वरच्या मर्यादेला लागणं, लीक सेन्सर ओला होणं, ठरलेल्या जागी व्हायल न सापडणं, ऑटोसॅम्पलरचं दार नीट न लागणं ही नेहमीची मंडळी. लीक सेन्सरचं विशेष म्हणजे गळती थांबली तरी सेन्सर कोरडा होईपर्यंत एरर जात नाही. ट्रेखाली टिशू पेपर लावून तो टिपावा लागतो, मग मॉड्यूल 'रेडी' होतं. एरर गेली की रांग 'पॉज' किंवा 'वेटिंग' अवस्थेत दिसेल. तिथून सीक्वेन्स रीतसर 'ॲबॉर्ट' केली की लॉक आपोआप निघतं.

तुम्ही पीसी रीस्टार्ट केला तरी काही बदललं नाही, याचं कारणही यातूनच कळतं. क्लायंट-सर्व्हर रचनेत सीक्वेन्स तुमच्या टेबलावरचा पीसी चालवत नाही. ती कंट्रोलरवर किंवा ॲक्विझिशन सर्व्हरवरच्या सर्व्हिसमध्ये चालते. तुमचा पीसी फक्त खिडकी आहे. खिडकी बंद करून उघडली तरी आतल्या कामाची अवस्था तीच राहते.

नावं सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतात. एम्पॉवरमध्ये सॅम्पल सेट म्हणतात, लॅबसोल्यूशन्समध्ये बॅच, मासहंटरमध्ये वर्कलिस्ट, क्रोमेलिऑनमध्ये सीक्वेन्स आणि तिची क्यू. क्रोमेलिऑनमध्ये अर्धवट राहिलेल्या इंजेक्शनपुढे 'इंटरप्टेड' असा शेरा येतो, न झालेल्यांपुढे 'आयडल'. शब्द कुठलाही असो, मेन्यूतून शोधायची जागा उपकरणाची रांग ही आहे, सीक्वेन्स एडिटर नव्हे. बहुतेक लोक एडिटरमध्येच बटणं दाबत बसतात.

तिसरं, फाइलचं लॉक. कुणीतरी हीच सीक्वेन्स दुसऱ्या पीसीवर उघडी ठेवून घरी गेलं आहे, किंवा कंटेंट मॅनेजमेंट प्रणालीतून ती 'चेक आउट' केलेली आहे. ऑडिट ट्रेलमध्ये सहसा नाव आणि वेळ दिसते. त्या माणसाला विचारून त्याच्याच हातून बंद करवून घ्या. 'अनडू चेक आउट' हा पर्याय ॲडमिनकडे असतो, पण त्याने त्या व्यक्तीचे न साठवलेले बदल जातात, म्हणून न विचारता वापरू नये. डेटा साध्या विंडोज फोल्डरमध्ये साठवला जात असेल तर अँटिव्हायरस किंवा बॅकअपचं सॉफ्टवेअरही फाइल धरून ठेवू शकतं. पहाटे ३:३५ ही वेळ बघूनच माझ्या मनात ही शंका आली. बॅकअप, व्हायरस स्कॅन आणि विंडोज अपडेट ही कामं नेमकी रात्री उशिरा लावलेली असतात. आयटी विभागाला एवढंच विचारा: पहाटे ३ ते ४ या वेळात या सर्व्हरवर कुठलं काम ठरलेलं आहे? सोबत सर्व्हरच्या डिस्कवर किती जागा उरली आहे तेही विचारा. जागा ठरलेल्या मर्यादेखाली गेली की सॉफ्टवेअर नवा डेटा घेणं थांबवतं.

चौथं, उपकरणाचा ताबा. दुसऱ्या क्लायंटने उपकरणाचा कंट्रोल घेतलेला असेल तर तुम्हाला सगळं दिसतं पण काही करता येत नाही. हे ओळखायला सोपं आहे, कारण पंपाचा प्रवाहसुद्धा बदलता येत नाही. ज्याच्याकडे ताबा आहे त्याने 'रिलीज' करायचं.

पाचवं, परवानग्या. रात्रीतून तुमची भूमिका बदलली, पासवर्डची मुदत संपली, किंवा पीसीचं घड्याळ डोमेन सर्व्हरपासून भरकटलं. विंडोज डोमेनच्या लॉगिन व्यवस्थेत साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. फरक वाढला की लॉगिन अर्धंमुर्धं होतं आणि सगळं फक्त वाचण्यापुरतं उघडतं. यावर घड्याळ स्वतः हाताने पुढेमागे करायचं नाही. वेळेचा शिक्का हाच ऑडिट ट्रेलचा पाया आहे. ते काम आयटीचं आणि त्याचीही नोंद हवी.

सहावं, सही. सीक्वेन्स किंवा तिचे निकाल पुनरावलोकनासाठी सबमिट झाले किंवा त्यावर इलेक्ट्रॉनिक सही पडली की ती जाणीवपूर्वक बंद होते. अर्धवट सीक्वेन्सवर असं सहसा होत नाही, पण आधीच्या बॅचची सीक्वेन्स उघडून तीच पुन्हा वापरायचा प्रयत्न करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. तिथे लॉक काढायचा विचारच करू नये. टेम्प्लेटवरून नवी सीक्वेन्स बनवावी.

या सहांत न बसणारं एक उरतं, त्याला आमच्याकडे सगळे भुताचं लॉक म्हणतात. क्लायंट मध्येच मेला, नेटवर्क तुटलं, आणि सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र तुमचं जुनं सेशन अजून जिवंत आहे. रांग रिकामी, मॉड्यूल रेडी, सीक्वेन्स कुणाकडेही उघडी नाही, तरीही कुलूप. तुम्ही सीक्वेन्स चालू असताना पीसी रीस्टार्ट केला, त्यामुळे रांगेचं मूळ लॉक सुटल्यावरही तुमच्याकडे हे दुसरं लॉक शिल्लक राहू शकतं. दोन थर असतील तर पहिला काढल्यावर काही फरक पडला नाही असं वाटतं आणि माणूस योग्य वाट सोडून देतो. म्हणून प्रत्येक पायरीनंतर सीक्वेन्स बंद करून पुन्हा उघडून बघा.

सोडवायचा क्रम

सर्वात कमी हस्तक्षेपापासून सुरुवात करा. आधी त्याच पीसीवर, त्याच खात्याने पुन्हा लॉगिन करा, सीक्वेन्स उघडा, बंद करा आणि रीतसर लॉगआउट करा. कित्येकदा जुनं सेशन यानेच सुटतं. नाही सुटलं तर सर्व्हर स्वतःहून मेलेलं सेशन सोडण्याची मुदत संपेपर्यंत थांबा; नेटवर्क परवाना अडकला असेल तर तोही तेव्हाच मोकळा होतो. त्यानंतर ॲडमिनला ॲडमिनिस्ट्रेशन कन्सोलमधून ते लॉक किंवा सेशन सोडायला सांगा. त्याआधी त्या सर्व्हरवर इतर उपकरणांच्या सीक्वेन्स चालू नाहीत ना हे विचारायला विसरू नका. कंट्रोलरची सर्व्हिस रीस्टार्ट करणं ही त्यापुढची पायरी. एका कंट्रोलरला चार उपकरणं जोडलेली असतील तर तुमच्या एका लॉकपायी उरलेल्या तीन जणांचे रन तुटतील.

मॉड्यूलची वीज बंद-चालू करणं सगळ्यात शेवटी. त्याने डिटेक्टरचा ड्युटेरियम दिवा विझतो, तो पुन्हा स्थिर व्हायला अर्धा तास किंवा जास्त लागतो, कॉलम ओव्हन आणि सॅम्पल ट्रेचं तापमान घसरतं. तशी वेळ आलीच तर चालू करायचा क्रम असा ठेवा: आधी नेटवर्क आणि सर्व्हर, मग कंट्रोलर, मग मॉड्यूल, आणि मॉड्यूल रेडी झाल्यावर क्लायंट. उलट क्रमाने केलं तर क्लायंटला उपकरण सापडत नाही आणि नवीच एरर घेऊन बसावं लागतं.

काय करू नये तेही स्पष्ट सांगतो. विंडोज एक्सप्लोररमध्ये जाऊन लॉकची फाइल उडवू नका, सीक्वेन्सच्या फोल्डरचं नाव बदलू नका, डेटाबेसच्या टेबलात कुणालाही हात घालू देऊ नका. इंटरनेटवर असे उपाय सापडतात आणि ते चालतातही. पण सीक्वेन्स आणि रॉ डेटा यांचा डेटाबेसमधला दुवा तुटला तर झालेली २३ इंजेक्शनं अनाथ होतात: फाइल आहे, पण ती कुठल्या व्हायलची हे सिद्ध करता येत नाही. ॲडमिनचा पासवर्ड विश्लेषकाकडे असणं हाही उपाय नव्हे. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये डेटा इंटेग्रिटीवर प्रश्नोत्तर स्वरूपात जे मार्गदर्शन काढलं, त्यात फाइल आणि सेटिंग बदलण्याचे अधिकार नोंदींच्या मजकुराला जबाबदार असलेल्या लोकांपासून वेगळ्या माणसांकडे असावेत अशी शिफारस आहे. सकाळच्या घाईत हे जाचक वाटतं, पण ॲडमिन वेगळा असल्यामुळेच 'लॉक कुणी, कधी, का काढलं' याचं उत्तर तुमच्या शब्दावर अवलंबून राहत नाही.

आता पुढे चालवायचं की नव्याने?

लॉक निघालं, सगळ्या ओळी पांढऱ्या झाल्या, आणि २५ पासून रन दाबायचा मोह होतो. इथे थांबा.

पहाटे ३:४० पासून सकाळपर्यंत प्रणाली कुठल्या स्थितीत होती? पंप बंद होता, कॉलम थंड झाला, दिवा विझला, यातलं एकही घडलं असेल तर ही आता आधीची प्रणाली नाही. सुरुवातीची सिस्टिम सुटेबिलिटी (प्रणाली मोजमापाला योग्य आहे का याची चाचणी) तिच्यासाठी साक्ष देत नाही. माझं मत ठाम आहे: प्रवाह अखंड चालू होता, तापमान तसंच होतं आणि थांबा अगदी थोडा होता, तरच त्याच सीक्वेन्समध्ये पुढे जा, आणि तेही तुमच्या एसओपीमध्ये (लिखित कार्यपद्धतीत) तशी तरतूद असेल तर. पाच तासांच्या थांब्यानंतर नवी सीक्वेन्स, ब्लँक (सॅम्पलशिवाय नुसता द्रावक), आणि स्टँडर्डची (माहीत तीव्रतेच्या द्रावणाची) पुन्हा सुटेबिलिटी. प्रचलित पद्धतीत आरएसडीची (एकाच द्रावणाच्या निकालांतल्या टक्केवारीतल्या तफावतीची) मर्यादा २.० टक्के किंवा कमी असेल तर स्टँडर्डची पाच इंजेक्शनं लागतात, मर्यादा त्याहून सैल असेल तर सहा.

त्याआधी कॉलम धुणं. ४.६ बाय १५० मिलिमीटरच्या कॉलममध्ये द्रावकासाठी साधारण १.५ मिली जागा असते. क्षार काढून झाले की जास्त सेंद्रिय भागाने दहा कॉलम व्हॉल्यूम, म्हणजे १ मिली प्रति मिनिट प्रवाहाला १५ मिनिटं, आणि मग मोबाइल फेजवर परत तेवढंच किंवा बेसलाइन स्थिर होईपर्यंत. २४वं सॅम्पल कॉलमवर अडकलं असेल तर ते यात निघून जातं. ते निघालं की नाही याची साक्ष ब्लँक देतो, म्हणून ब्लँक पूर्ण २५ मिनिटं चालवा, मध्ये तोडू नका.

ब्रॅकेटिंग (सॅम्पलच्या गटाच्या आधी आणि नंतर स्टँडर्ड लावणं) करत असाल तर शेवटचा पूर्ण ब्रॅकेट कुठे संपला ते बघा. समजा दर दहा सॅम्पलनंतर स्टँडर्ड आहे आणि शेवटचं स्टँडर्ड १७व्या इंजेक्शनला होतं. मग १८ ते २३ ही इंजेक्शनं पूर्ण झालेली असली तरी त्यांना बंद करणारं स्टँडर्ड मिळालेलं नाही. ती ग्राह्य धरायची की पुन्हा करायची हे तुमच्या एसओपीने ठरतं, आकडे बघून नव्हे. निकाल चांगला आला म्हणून ठेवला आणि वाईट आला म्हणून पुन्हा केला, असा नुसता संशयही येऊ देऊ नका. निर्णय लिहून झाल्यावरच त्या सहा क्रोमॅटोग्रामचं प्रोसेसिंग करा.

आणि मग द्रावणाची स्थिरता, जी लॉकच्या धांदलीत हमखास विसरली जाते. समजा सॅम्पल संध्याकाळी ५ वाजता तयार झाली आणि ट्रेच्या तापमानाला त्यांची सिद्ध झालेली स्थिरता ३० तास आहे. मूळ सीक्वेन्स २५ तासांची होती, म्हणजे ती आरामात बसत होती. आता फ्लशिंग वगैरे धरून ११ वाजता सुरुवात केली तर १८ तास आधीच गेलेत. एक ब्लँक, पाच स्टँडर्ड आणि २४ ते ६० मिळून ४३ इंजेक्शनं होतात. ३० तासांची मर्यादा रात्री ११ वाजता संपते आणि तोवर २९ इंजेक्शनंच सुरू झालेली असतील. शेवटची १४ बाहेर. त्यांच्यासाठी सॅम्पल नव्याने तयार करावं लागणार, आणि स्टँडर्डची मुदतही वेगळी तपासावी लागणार. हा हिशेब रन लावण्याआधी कागदावर करा. अर्ध्या रात्रीत कळून उपयोग नसतो. ज्या व्हायलच्या सेप्टमला छिद्र पडलंय तिच्यातून ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉलसारखा द्रावक उडत राहतो आणि सॅम्पल हळूहळू तीव्र होत जातं. म्हणून २४वं पुन्हा करायचं ठरलं तर, द्रावण मुदतीत असेल तेव्हा, त्याच तयार केलेल्या फ्लास्कमधून नवी व्हायल भरा.

'सेव्ह ॲज'बद्दल विचारलं होतं, ते आता. चालेल, दोन अटींवर. मूळ सीक्वेन्स तिच्या अर्धवट २४व्या इंजेक्शनसकट जशीच्या तशी राहिली पाहिजे, आणि नव्या सीक्वेन्सच्या नावात किंवा शेऱ्यात मूळ सीक्वेन्सचा उल्लेख हवा. २४व्याचा तुटका क्रोमॅटोग्राम असेल तर तो निरुपयोगी असला तरी नोंद आहे. तो लपवला किंवा उडवला तर तपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, कारण ऑडिट ट्रेलमध्ये २४ची सुरुवात दिसते आणि शेवट दिसत नाही. डेव्हिएशनमध्ये (ठरलेल्या पद्धतीबाहेर घडलेल्याच्या नोंदीत) फक्त 'सॉफ्टवेअरची अडचण' एवढं लिहू नका. कुठल्या वेळी काय थांबलं, व्हॉल्व्ह कुठे होता, सॅम्पल कॉलमवर गेलं होतं की नाही आणि हे कशावरून ठरवलं, लॉक कुणी सोडवलं, हे चार-पाच ओळींत लिहिलं की पुनरावलोकन करणाऱ्याला तुमच्याकडे पुन्हा यावं लागत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

उपकरणाशी जोडलेल्या पीसीची झोप बंद करा, आणि नेटवर्क कार्डच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभा असते तीही काढा. ही दुसरी सेटिंग बहुतेकांना माहीत नसते आणि रात्रीच्या तुटलेल्या जोडण्यांमागे ती वारंवार निघते. डेटाच्या फोल्डरांना अँटिव्हायरसच्या तत्काळ स्कॅनमधून वगळायचं असेल तर सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या यादीप्रमाणे आणि आयटीच्या मंजुरीने करा. नेटवर्क गेलं तरी डेटा कंट्रोलरवर तात्पुरता साठवायची सोय आजच्या बहुतेक मोठ्या प्रणालींत आहे. ती तुमच्याकडे चालू आहे का, हे एकदा बघून घ्या.

सीक्वेन्समध्ये एरर आल्यावर काय करायचं याच्या पर्यायांवर दहा मिनिटं खर्च करा. व्हायल सापडली नाही तर ओळ सोडून पुढे जायचं की थांबायचं? थांबल्यावर पंप तसाच चालू ठेवायचा की कमी प्रवाहावर न्यायचा? बफर वापरणाऱ्यांनी 'पूर्ण बंद' हा पर्याय ठेवू नये असं माझं मत आहे. गळती असेल तेवढी वेळ सोडून, जिथे पंप थांबलाच पाहिजे. आणि २५ तासांची एक सीक्वेन्स लावण्यापेक्षा, पद्धतीत बसत असेल तर, प्रत्येकीला स्वतःची सुटेबिलिटी आणि ब्रॅकेट असलेल्या दोन सीक्वेन्स रांगेत लावा. पहिली पूर्ण होऊन बंद झाली की दुसरीत काहीही झालं तरी पहिलीच्या निकालांना धक्का लागत नाही.

बॅकअपवरची माझी शंका खरी की खोटी हे तपासणंही अवघड नाही. आयटीकडून पहाटेच्या कामाची वेळ कळली की, आधी लिहून मंजूर केलेल्या चाचणीच्या नावाखाली, फक्त द्रावक भरलेल्या व्हायलची सीक्वेन्स त्या वेळेवर पसरेल अशी लावा. ती थांबली तर थांबण्याची वेळ आणि बॅकअपच्या लॉगमधली वेळ शेजारी ठेवून आयटीला द्या. नाही थांबली तर बॅकअपला सोडून द्या आणि पंपाचा प्रेशर लॉग व लीक सेन्सरच्या नोंदी घेऊन सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा.